अकोल्यातून तं उघडते!

"सूर्यभान क्लाउडचं हापिस कोठी हाय हो?"

कचोरीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या मुलाला मी विचारलं. त्याचं तोंड भरलेलं. हातात द्रोण, द्रोणात कचोरी, कचोरीवर तळलेली मिरची. तो नुसता बघतच राहिला माझ्याकडे. अकोल्याचं आभाळ भरून आलं होतं, रस्ता ओला होता, माझ्या चपलांना चिखल होता आणि डोक्यात राग.

"काम काय होतं?" त्यानं कसाबसा घास गिळला.

"तिथं एक श्याम हाय. त्याचा गळा दाबायचा हाय."

त्याला असा ठसका लागला की गाडीवाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

"श्याम... सुट्टीवर हाय," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, मिरचीचं असेल.

"चालते. रिया असंन ना? तिच्याशी जमते माहं."

"रिया... जेवायले गेली."

"मंग मेहता साहेब?"

"ते मुंबईले."

"डेव्हिड?"

त्यानं आभाळाकडे पाहिलं. जणू डेव्हिड तिकडे गेला होता.

"तुमाले बरं सारं माहीत हाय!" मी म्हटलं.

"मी तिथंच असतो," तो म्हणाला. "चला, दाखवतो." आणि अर्धी कचोरी तशीच ठेवून जिना चढायला लागला. अर्धी कचोरी ठेवून उठणारा माणूस मी अकोल्यात तरी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

आता मला एवढा राग का आला होता, ते सांगते.

मी आचल. शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. जुलैत आजूबाजूच्या गावांतून शेतकरी येतात. कलमं पाहतात, पान उलटं करून पाहतात, खोडाला नख लावून पाहतात आणि मग नाव लिहून जातात. ही नावं इतकी वर्षं चिठ्ठीवर लिहिली जायची. दरवर्षी एकाच वाफ्यातली कलमं तिघांच्या नावावर चढायची, मग दोघांना चहा पाजून पाजून परत पाठवावं लागायचं. एका वर्षी तर चहा पाजता पाजता भांडण झालं आणि कपबश्याच संपल्या. म्हणून अमरावतीहून शिकून आल्यावर मी साइट बनवली. शेतकऱ्यानं कलम बघायचं आणि तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर बुक करायचं. कोणत्या वाफ्यात किती उरली, ते सगळ्यांना एकदम दिसणार. बाहेरगावच्या आगाऊ ऑर्डरी तर मेलवर उन्हाळ्यापासूनच यायला लागल्या.

बाबा — खुशालराव — चारचौघांत म्हणाले, "हे काई चालत नसते." मग आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेव्हा म्हणाले, "बरं, एक हंगाम देतो तुले. जुलैच्या पहिल्या सोमवारी नर्सरीतलं बुकिंग सुरू होते. त्या दिवशी बंद पडलं तं बुकिंगची खुर्ची गोवर्धनची."

गोवर्धन माझ्या काकांचा मुलगा. चिठ्ठीवाला. कानावर पेन लावूनच झोपतो.

आणि साइट बंद पडत होती! रोज नाही, सारखी नाही. कधी सकाळी, कधी दुपारी. ते चाक फिरत राहायचं... फिरत राहायचं... आणि शेवटी पाटी यायची — कनेक्शन टाइम्ड आउट. अर्धा तास गेला की आपोआप सुरू. जशी काही चहा पिऊन आली.

दोन महिने मी सूर्यभान क्लाउडकडे तक्रार करत होते. तिथले चार जण मला चार तऱ्हेनं उत्तरं द्यायचे. मेहता साहेब मेलवर : 'कृपया आपला राउटर बंद करून पुन्हा चालू करावा.' डेव्हिड : 'सर्व्हरवर कोणताही भार आढळला नाही. धन्यवाद.' श्याम फोनवर : "मॅडम, अकोल्यातून तं उघडते!" मी तक्रार करायची तेव्हा साइट बंद असायची आणि त्यानं पाहिलं की सुरू. मला वाटायचं, ही साइट माहेरी रुसते आणि सासरी गुण दाखवते.

चौघांत एक रियाच चांगली. चॅटवर भेटायची. 'सॉरी ना आचल ताई, बघतोय हं आम्ही.' तिला मी सगळं सांगायची... बाबांचं, खुर्चीचं, गोवर्धनच्या पेनचं. एकदा असंही लिहून बसले होते की, तुमच्या त्या श्यामला देवानं आवाज भल्ला गोड दिला. पुढं अक्कल देऊन राहिला होता, तेवढ्यात कनेक्शन टाइम आउट झालं.

तर मी त्या मुलामागून जिना चढले. वर पाटी होती : 'सूर्यभान क्लाउड सर्व्हिसेस. चोवीस तास सेवा.' सूर्य आणि ढग एकाच पाटीवर सुखानं नांदत होते. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि प्लॅस्टिकचं एक झाड. एवढं मोठं माझं नुकसान करणारी कंपनी एवढीशी असेल असं वाटलं नव्हतं.

"बाकीचे कोठी बसतात?"

"आळीपाळीनं," तो म्हणाला.

त्यानं खुर्ची मला दिली आणि स्वतः झाडापाशी उभा राहिला. मी फोन काढला. रियाला लिहिलं, 'तुमच्या हापिसात आली हाय. जेवण झालं का ये.'

टेबलावरचा कॉम्प्युटर वाजला. टुंग.

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. मी पुन्हा लिहिलं, नुसतं एक टिंब. टुंग. आणखी एक टिंब. टुंग. तो शर्टावरचे कचोरीचे कण झटकायला लागला. शर्टावर एकही कण नव्हता.

"मेहता साहेब?" मी हळूच म्हटलं.

त्यानं हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा.

"डेव्हिड?"

हात वरच.

"श्याम तं तुमी असानच. अन् रिया...?"

"सॉरी ना, आचल ताई," तो म्हणाला. अगदी श्यामच्या फोनवरच्या आवाजात. ठसक्यानं बसलेला तो आता कुठे मोकळा झाला होता.

मला उठून त्याला झोडायला हवं होतं. पण त्याच क्षणी मला तो देवाचा आणि अकलेचा मेसेज आठवला आणि माझे कान इतके तापले की त्यावर कोणी पापड भाजला असता.

"मी रियाले जे लिहिलं... ते आवाजाचं..."

"मेहता साहेबांनी नाही वाचलं," तो घाईघाईनं म्हणाला. "डेव्हिडनं बी नाही."

"अन् श्यामनं?"

"श्यामनं..." त्यानं प्लॅस्टिकच्या पानावरची धूळ बोटानं पुसली. "चार-पाच खेप."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. मग त्यानं सगळं सांगितलं. मालकाचं नाव सूर्यभान. त्यांचं म्हणणं, माणसं चार दिसली की ग्राहकाला कंपनी मोठी वाटते. पगार मात्र एकाचाच. म्हणून हा तेल्हाऱ्याचा श्याम दोन वर्षांपासून चार जण होता.

"बरं," मी म्हटलं. "चौघांनी मिळून दोन महिने मले उत्तरं देल्ली. त्यातल्या एकानं तरी पाह्यलं का, साइट काहून बंद पडते ते?"

त्यानं कॉम्प्युटरचा आवाज बंद केला आणि पहिल्यांदाच तो मला जरा बरा वाटला.

"नाही," तो म्हणाला. "नीट नाही पाह्यलं. तुमी तक्रार करान तोवर ते सुरू होऊन जाये. अन् खरं सांगू? चौघांची भाषा येगयेगळी ठेवण्यातच दिवस जाते माहा."

"सोमवारी माहं बुकिंग हाय. बंद पडलं तं सारं गेलं."

"मी येतो. रविवारीच येतो."

"चौघांतलं कोण?"

"श्याम. एकटा."

"मंग एक अट हाय. आता खोटं नाही. एक बी नाही. साइट चालो का बंद पडो."

"कबूल," तो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला. डोळे बरे होते. पण त्या दिवशी मी रागात होते, म्हणून पाहिले नाहीत. म्हणजे, जास्त वेळ नाही पाहिले.

रविवारी तो अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून वरूड आणि वरूडहून एका संत्र्याच्या रिकाम्या गाडीत बसून आला. स्वतः चिंब भिजलेला. लॅपटॉप मात्र तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, बाळंतिणीच्या लेकरासारखा गुंडाळलेला.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"सर्व्हरवाला हाय."

"इतकुसा?" बाबा म्हणाले आणि ओसरीवर खाट टाकून बसले. आमच्याकडे तोंड करून.

श्यामनं राउटर पाहिला, वायर पाहिली, माझा टॅब पाहिला. नर्सरीत मोबाइलची रेंज नाही, सगळे आमच्या वायफायवरच असतात, हे लिहून घेतलं. रेंज फक्त पाण्याच्या उंच टाकीवर चढलं की येते. तो टाकीवर चढूनही आला. बंद पडायच्या सगळ्या वेळा मी वहीत लिहून ठेवल्या होत्या, ती वही त्यानं एखाद्या पोथीसारखी वाचली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"वाट पाहायची. बंद पडल्याबिगर सापडत नाही."

आणि ती बया त्या दिवशी बंदच पडेना! सकाळ गेली. दुपार गेली. दर पाच मिनिटांनी आम्ही पान उघडायचो आणि ते टपकन उघडायचं. एवढी गुणी साइट मी जन्मात पाहिली नव्हती. मग बसून काय करणार? दुसऱ्या दिवसाची कलमं बांधायला घेतली. मुळ्यांना ओलं गवत गुंडाळायचं, वरून सुतळी, दहाची एक जुडी.

"अशी नोको. मुळी मोडंन," मी त्याच्या हातातून कलम घेतलं. "लेकरासारखं धरा."

"मले लेकराचा अनुभव नाही."

"परवापर्यंत चार जणांचं घर चालवत होते ना?"

तो हसला. भिजलेले केस कपाळावर आले होते आणि दोन्ही हात मातीनं भरलेले. त्यानं मनगटानं केस मागे सारायचा प्रयत्न केला आणि कपाळावर काळ्या मातीचा चांगला जाड पट्टा ओढून घेतला. मी सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत नाही सांगितलं. बघायला छान वाटत होतं.

सुतळीची गाठ मारताना मी त्याला बोट ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं. मी गाठ मारली. दोघांची बोटं त्या गाठीत अडकली... मी सोडवायला जरा वेळ लावला. जरासाच.

"आचल ताई—"

"ताई नोको म्हणू. ते रिया म्हणे."

"मंग काय म्हणू?"

"नुसतं आचल म्हण."

"आचल," त्यानं म्हणून पाहिलं. तो आवाज! फोनमध्ये निम्मासुद्धा येत नसेल. "साइट बंद पडावी असं वाटते मले. म्हंजे सापडंन. अन् पडू नये असं बी वाटते."

"ते काहून?"

"सापडली का मले वापस जा लागंन."

ओसरीवर बाबा जोरात खाकरले. त्यांनी दिवसभर खाट सोडली नाही. आई आतून म्हणाली सुद्धा, "आज माकडं हाकलाले नाही गेले व तुहे बाबा? रोज तं दोन-दोन खेप जातात." बाबा म्हणाले, आज माकडं नाहीत. त्यांची नजर आमच्यावर होती, तिच्यापुढे माकडं कशाला येतात!

सोमवारी दहाला बुकिंग उघडलं. साठेक माणूस जमला होता. फटफट्या, छत्र्या, डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी. मी खुर्चीत. बाजूला गोवर्धन, कानावर पेन, हातात कोरं चिठ्ठीपुस्तक. त्यानं ते इस्त्री करून आणल्यासारखं धरलं होतं. पहिलं नाव पुंजाराम आजोबांचं. त्यांनी नातवाचा मोबाइल आणला होता, त्यावर स्वतः बोट दाबलं आणि 'झालं' असं आल्यावर सगळ्यांना दाखवत फिरले. दहा झाले. पंधरा. बावीस... मला वाटलं, जिंकले.

आणि तेविसाव्याचं चाक फिरायला लागलं.

फिरत राहिलं... फिरत राहिलं...

"टाइम्ड आउट!" कोणीतरी मोठ्यानं वाचलं. एकदम वीस मोबाइलवर तेच. गोवर्धननं कानावरचं पेन काढलं आणि टोपण उघडलं. त्या टोपणाचा टक् आवाज मला अजून ऐकू येतो.

"दहा मिनिटं दे!" मी त्याला म्हटलं.

श्याम तोवर टाकीच्या शिडीवर होता, लॅपटॉप दातात धरायचा राहिला तेवढा. रिमझिम सुरू होती. वर पोचून त्यानं डोक्यावर पोतं घेतलं आणि ओरडला, "टाकीवरून तं उघडते!"

साठ माणसं खो खो हसली. मी नाही.

"मंग खाली काहून नाही?" मी ओरडले.

"थांब! पाहून राहिलो!" मग थोड्या वेळानं, "सापडलं! सर्व्हरनं तुमचाच पत्ता बंद केला!"

"आमचा? आमी काय केलं?"

"इथून कोणीतरी ऑर्डरच्या मेलचा पासवर्ड चुकीचा टाकून राहिलं! पाच खेप चुकला का सर्व्हरले वाटते चोर आला. तो अर्धा तास दार लावून घेते! मंग या वायफायवर जेवढे हायत, सगळ्याइलेच दार बंद!"

"खोल ना मंग!"

"खोलतो!"

चाक थांबलं, पान उघडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन जणांची नावं लागली. आणि पुन्हा चाक.

"पुन्हा चुकवला त्यानं!" श्याम वरून. "आता, या घडीले टाकून राहिला तो पासवर्ड!"

"अबे, मंग कायमचं मोकळं करून टाक ना!" पुंजाराम आजोबा म्हणाले.

"करता येते, आजोबा! पण खरंच चोर असला तं? आधी माणूस सापडला पाहिजे!"

माणूस. या नर्सरीत. आत्ता. माझं डोकं फिरलं. मी गोवर्धनकडे वळले. "तूच! दे तुहा फोन!"

"मी? मी काय केलं?"

"खुर्ची पाह्यजे ना तुले? दे फोन!"

गोवर्धननं खिशातून फोन काढून माझ्या हातावर ठेवला. बटणांचा. त्यात इंटरनेट नव्हतंच, टॉर्च होती. साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला त्या टॉर्चच्या उजेडातून पळून जावंसं वाटत होतं.

"चुकली मी, गोवर्धन."

"चालते," तो म्हणाला. त्याचा स्वभाव चांगला आहे, अक्षरच वाईट आहे.

तेवढ्यात आई चहाची किटली घेऊन आली. "अवं, तुहे बाबा कोठी हायत? माणसं आली, अन् घरधनीच नाही."

"माकडं हाकलाले गेले," गोवर्धन म्हणाला. "गोफण घेऊन. दोन खेप झाल्या सकाळपासून."

"आज?" आई म्हणाली. "साठ माणसं अन् त्याइच्या फटफट्या असताना माकड येते काय इकडं? मले तं दोन महिन्यांत एक माकड दिसलं नाही. तुह्या बाबालेच दिसतात."

दोन महिने. मी वर पाहिलं. श्याम खाली पाहत होता. मग तो शिडीवरून असा उतरला की शेवटच्या चार पायऱ्या त्यानं मोजल्याच नाहीत.

बाबा मोटरच्या खोलीमागे होते. गोफण खांद्यावर, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात जुना फोन. एका बोटानं, मोठ्यानं म्हणत दाबत होते, "संत्रा... एक... दोन... तीन... अबे, काहून नाही घेत? मे महिन्यात तं घेत होता."

तो माझाच जुना फोन होता. माकडं पळवायला कुत्र्याचं भुंकणं भरून मीच त्यांना दिला होता. ऑर्डरचं मेल त्यात तसंच राहून गेलं. मग मे महिन्यात रियानं म्हणजे श्याम­नं सांगितलं, 'संत्रा एक दोन तीन' हा पासवर्ड फार सोपा आहे, बदला. मी सगळीकडे बदलला. या फोनात सोडून.

"बाबा, हे काय?"

बाबांनी फोन मागे लपवला. लहान मूल चिंच लपवतं तसा.

"किती ऑर्डरी आल्या ते... पाहून राहिलो होतो."

"मले विचारायचं ना!"

"कसं विचारू? चारचौघांत म्हटलं होतं ना, हे काई चालत नसते." ते इकडेतिकडे पाहायला लागले. "आधी रोज दिसे. एक तं पांढुर्ण्याहून आली होती. मध्य प्रदेशातून! मंग एकदम बंद झालं दिसणं. म्हटलं, पोरीची साइट बसली का काय... जीव लागत नव्हता."

दोन महिने मी ज्याला शोधत होते, तो चोर माझ्याच ऑर्डरी मोजायला येत होता.

मग बाबांचं लक्ष बाहेरच्या गर्दीकडे गेलं आणि ते एकदम खुशालराव झाले.

"ऐक, पोट्ट्या," ते श्यामला म्हणाले. "बाहेर जाऊन सांग, कंपनीची चूक होती. तुह्या कंपनीचं नाव अकोल्याले राह्यते, माहं इथं राह्यते."

श्यामनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी... अट मी घातली होती, तीन दिवस झाले नव्हते. पण समोर बाबा होते. मी मान हलवली. सांग, म्हटलं डोळ्यांनी. एवढं एक खोटं सांग.

श्यामनं मनगटानं कपाळावरचं पाणी पुसलं.

"काका," तो म्हणाला, "दोन वर्षं मी चार नावांनी खोटं बोललो. चौघाइले हे सापडलं नाही. एकट्यानं खरं पाह्यलं तं वीस मिनिटांत सापडलं. तुमी म्हणान तं मी चूप राहतो. कोणालेच काही नाही सांगत. पण खोटं नाही बोलत. शब्द देल्ला हाय."

"कोणाले?"

"हिले."

मला वाटलं, संपलं. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कलम घेताना पान उलटं करून पाहतात, तसं. मग गोफण खुंटीला अडकवली, चष्मा खिशात घातला आणि चालायला लागले. बाहेर एक उलटं क्रेट होतं, त्यावर चढले.

"ऐका हो! साइट माह्या पोरीनं चांगली बनवली. बंद म्या पाडली. तिच्या ऑर्डरी पाहायच्या होत्या मले... चोरून. पासवर्ड येत नव्हता." एवढं बोलून ते थांबले, घाम पुसला. "आता येईल. ती सांगंन."

मग पुंजाराम आजोबा म्हणाले, "मंग आता समोरून पाय ना, खुशालराव! लेक तुहीच हाय!" आणि असा हशा उसळला की वडावरचे बगळे उडाले.

बाबा खाली उतरले. खुर्ची पावसाच्या तोंडी होती, ती त्यांनी स्वतः आत ओढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "बस."

चार वाजेपर्यंत सगळे वाफे बुक झाले. एकही कलम दोघांच्या नावावर गेलं नाही. गोवर्धन शेवटच्या तासाला माझ्या टॅबवर नावं टाकत होता आणि मध्येच विचारत होता, "हे खोडायचं कसं व?" बाबांच्या फोनात मी नवा पासवर्ड टाकून दिला. ते खाटेवर पडून प्रत्येक ऑर्डर मोठ्यानं वाचत होते, गावासकट.

सहाच्या सुमारास श्याम रस्त्यावर उभा होता. लॅपटॉप पुन्हा तीन पिशव्यांत. झड थांबली होती. झाडांवरून तेवढं पाणी टपकत होतं. मी त्याला सोडायला गेले. सोडायला म्हणजे... तिथपर्यंत.

"आता नाही बंद पडणार," तो म्हणाला.

"नक्की?"

"पडूच शकत नाही. म्या सारं पाह्यलं."

"कधीच?"

"कधीच." त्यानं पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "चांगली गोष्ट हाय ना?"

"चांगलीच हाय," मी म्हटलं. आम्ही दोघंही तोंड पाडून त्या चांगल्या गोष्टीकडे बघत उभे राहिलो.

दूर वळणावर एसटीचा आवाज आला.

"श्याम, तू सकाळी बाबाले नाही म्हटलं ना... मी तुले डोळ्यानं सांगत होती, हो म्हण."

"पाह्यलं म्या."

"तरी?"

"तरी. तू एक दिवस मलेच म्हटलं असतं, माह्या बापाशी खोटं बोलला तं माह्याशी बी बोलशीन."

मी नक्की तेच म्हटलं असतं. याला कसं माहीत?

एसटी वळण घेऊन समोर आली. माझ्याकडे वेळ नव्हता आणि लाजायचा तर त्याहून नव्हता.

"मंग खरंच ऐक," मी म्हटलं. "साइट चालू झाली, आता तुले बोलवाले माह्यापाशी कारण नाही उरलं. म्हणून बिनाकारणाचं सांगते. मले तू आवडतो. लय आवडतो. येत जाजो... बिनाकामाचा."

एसटी आमच्यापुढे थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, "वरूड! वरूड! येता का हो?"

श्यामनं त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आज त्याची पाळी होती.

"पुढची गाडी किती वाजता हाय?" त्यानं कंडक्टरला विचारलं.

"पुढची? आता सकाळी सहाले!"

"मंग जाऊ द्या," श्याम म्हणाला आणि खांद्यावरची पिशवी काढून त्यानं माझ्या हातात दिली.